दरवर्षी 'होम अलोन'च का? सुट्टीतल्या एका सिनेमाचं प्रकरण

पार्श्वभूमी

शिकागोच्या उत्तरेकडच्या उपनगरांत राहणाऱ्या वीस-बावीस मराठी कुटुंबांचा आमचा एक गट आहे. नोंदणी नाही, घटना नाही, अध्यक्ष नाही. त्यामुळे भांडणंही बेताचीच. गणपतीत आरत्या, संक्रांतीला तिळगूळ, उन्हाळ्यात बागेत भेळ आणि डिसेंबरात शाळांना सुट्टी लागली की सगळ्यांनी मिळून एक सिनेमा, एवढाच वर्षाचा पसारा. सिनेमासाठी गावच्या सार्वजनिक ग्रंथालयातला हॉल घेतो. ती जुळवाजुळव आम्ही तिघं करतो, त्यातली एक मी. पुढे येणारी माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.

2017 पासून, करोनाची दोन वर्षं सोडली तर, हा सिनेमा एकच होता: 'होम अलोन'. नाताळच्या सुट्टीला निघालेलं कुटुंब आठ वर्षांच्या केव्हिनला चुकून घरीच विसरतं, आणि घरात शिरणाऱ्या दोन चोरांना तो सापळे लावून लोळवतो, ही त्याची गोष्ट. पहिल्या वर्षी तो कुणी सुचवला हे आता कुणालाच आठवत नाही. पण इथे त्याला घरचा मान आहे. सिनेमातलं ते लाल विटांचं घर आमच्यापासून गाडीने वीस मिनिटांवर, विनेट्का गावात आहे. भारतातून कुणाचे आईवडील आले की मिशिगन तळ्याचा काठ, प्राणिसंग्रहालय आणि 'ते घर' ही फेरी ठरलेली. रस्त्यावरूनच पाहायचं आणि निघायचं, कारण तिथे माणसं राहतात. सिनेमाचे लेखक-निर्माते जॉन ह्यूज यांचं किशोरवय शेजारच्या नॉर्थब्रुकमध्ये गेलं. घराच्या आतले बरेचसे प्रसंग मात्र त्या घरात चित्रित झालेच नाहीत. जवळच्या एका बंद पडलेल्या शाळेत सेट उभारला होता. पडद्यावर पॅरिसचा म्हणून जो विमानतळ दिसतो तोही आपला ओहेअरच. हे सांगितलं की पाहुणे जरा हिरमुसतात.

लोकप्रियतेबद्दल वादच नाही. 16 नोव्हेंबर 1990 ला सिनेमा आला. वॉर्नर ब्रदर्सने खर्च वाढतोय म्हणून तो मध्येच सोडला होता, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने उचलला. खर्च सुमारे 1 कोटी 80 लाख डॉलर, जगभरातली कमाई 47 कोटींच्या पुढे. अमेरिकेत सलग 12 आठवडे तो तिकीटबारीवर पहिला होता, म्हणजे नाताळचा सिनेमा फेब्रुवारी उजाडेपर्यंत चालला. समीक्षकांना मात्र तो इतका काही भावला नव्हता. शिकागोचेच रॉजर ईबर्ट यांनी त्याला चारपैकी अडीच तारे दिले. कथानक इतकं अशक्य आहे की पोराची काळजीच वाटत नाही, असा त्यांचा आक्षेप. हा आक्षेप लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

अडचण

नोव्हेंबर 2023 मध्ये मी गटाच्या व्हॉट्सॲपवर नेहमीसारखं लिहिलं: "23 डिसेंबर, शनिवार, दुपारी दोन. नेहमीचा सिनेमा." अंगठे येतील असं वाटलं होतं. आला तो एक लांबलचक मजकूर.

लिहिणारी आमची मैत्रीण एका इस्पितळाच्या तातडीच्या विभागात नर्स आहे. तिचं म्हणणं असं: डोक्यात रंगाचा भरलेला डबा बसल्यावर माणूस उठून पुन्हा जिना चढू लागतो, याला मला हसू येत नाही. डिसेंबरात बर्फावरून आणि शिडीवरून पडलेली माणसं मी रोज बघते. आणि आपण पाच-सहा वर्षांच्या मुलांना हे दरवर्षी कौतुकाने दाखवतो. का?

त्यावर आमच्यातले एक ठाणेकर उसळले. त्यांनी हा सिनेमा दहावीच्या नाताळच्या सुट्टीत केबलवर पाहिलेला. घरात पंखा चालू, बाहेर कुणाच्यातरी लग्नाची वरात, आणि पडद्यावर बर्फ. अमेरिका म्हणजे असं घर आणि असा जिना, हे तेव्हाच डोक्यात बसलं, असं ते उघडपणे सांगतात. "यात काय वाईट आहे ते दाखवा," असा त्यांचा पवित्रा.

मग अकरावीतल्या एका मुलाने, मोठ्यांच्या गटात त्याला कुणी घेतलं होतं देव जाणे, एक ओळ टाकली: "तुम्हाला सिनेमा आवडत नाही, तुम्हाला तुमचं लहानपण आवडतं." खाली आणखी एक: "आज एक मेसेज केला असता तर पिक्चर दहा मिनिटांत संपलं असतं."

या गदारोळात ज्यांचं कुणी नावही घेतलं नाही असे आणखी काही लोक होते. त्या हिवाळ्यात गटातल्या घरांमध्ये पाच आजी-आजोबा आलेले होते. इंग्रजी बेताचं. दरवर्षी सिनेमा सुरू झाला की ही मंडळी मागच्या खुर्च्यांवर बसून गप्पा मारत किंवा बाहेर कॉफी घेत फेऱ्या घालत. त्यांना काय पाहायला आवडेल, हे सहा वर्षांत आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण तेव्हा ते लक्षातही आलं नव्हतं.

भरीस भर, 13 डिसेंबरला बातमी आली की अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्या वर्षीच्या 25 सिनेमांमध्ये 'होम अलोन'ची निवड केली. ठाणेकरांनी ती बातमी गटावर लागोपाठ तीनदा टाकली. नर्स मैत्रिणीने शांतपणे उत्तर दिलं: त्या नोंदवहीत सांस्कृतिक, ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाचे सिनेमे घेतात, आणि तिन्हींपैकी एक कारणही पुरतं. लोकांनी वर्षानुवर्षं पाहिला म्हणून तो महत्त्वाचा ठरला असेल. तो चांगला आहे का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

तिचं बरोबर होतं. त्यामुळेच मी जास्त वैतागले.

निर्णयाची पहिली जागा: भांडण नेमकं कशावर?

मतदान घेऊन मोकळं व्हावं, असं मनात आलं होतं. आमच्यातल्या तिसऱ्याने अडवलं. तो म्हणाला, इथे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. सिनेमा चांगला आहे का? लहान मुलांना दाखवण्याजोगा आहे का? आणि आपण तो आवडतो म्हणून लावतो की दुसरं काही शोधायचा कंटाळा येतो म्हणून? मतदानात तिघांचा काला होईल.

म्हणून 16 डिसेंबरला, शनिवारी रात्री, माझ्या बेसमेंटमध्ये आम्ही पाच जणांनी तो नव्याने पाहिला: आम्ही तिघं, नर्स मैत्रीण आणि तो अकरावीतला. ठाणेकर आमच्या तिघांत होतेच. मी वहीत दोन रकाने आखले. एकावर लिहिलं 'आत्ता हसलो', दुसऱ्यावर 'हसायचं असतं म्हणून हसलो'. पोरखेळ वाटेल, पण वहीमुळे भांडायला काहीतरी ठोस मिळालं.

पुन्हा पाहिल्यावर काय दिसलं

सिनेमा 103 मिनिटांचा. लोकांना आठवतात ते सापळे, म्हणजे शेवटाकडची वीसएक मिनिटं. बाकीचा सव्वा तास आठवणीत धूसर होतो. आम्ही पाहिलं तेव्हा वहीतला पहिला रकाना त्या धूसर भागातच भरत गेला.

सुरुवातीच्या वीस मिनिटांत एका पोराला घरी विसरण्याची जी तजवीज केली आहे, ती एखाद्या जुन्या घड्याळजीने करावी अशी आहे. घरात पंधरा माणसं, त्यात अकरा पोरं. जेवणाच्या गोंधळात पेय सांडतं, पुसायच्या कागदांबरोबर केव्हिनचं विमानाचं तिकीटही कचऱ्यात जातं; क्षणभर दिसतं, आणि पहिल्यांदा पाहताना कुणाच्याही लक्षात येत नाही. शिक्षा म्हणून पोराला माळ्यावर झोपायला धाडतात. रात्री वारा सुटतो, फांदी कोसळते, वीज जाते, गजराची घड्याळं पुसली जातात, फोनच्या तारा तुटतात. सकाळी धावपळ. शेजारचं एक आगाऊ पोर गाडीत सामान उचकत उभं असतं आणि डोकी मोजणारी चुलत बहीण त्यालाच मोजते. अकरा भरले. गाडी सुटली.

अकरावीतला मुलगा इथे गप्प झाला. त्याच्या मेसेजच्या मुद्द्याला ह्यूजने तेहेतीस वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवलं होतं: तारा तुटलेल्या. आई पॅरिसहून पोलिसांना फोन करते, ते तिला या खात्यातून त्या खात्यात टोलवतात, शेवटी एक शिपाई येऊन दार ठोठावतो, कुणी उघडत नाही, आणि घरच्यांना पोरं पुन्हा मोजायला सांगा असं कळवून निघून जातो. मोबाइल असता तर ही गोष्ट चाललीच नसती, हे खरं. पण 1990 मधली तिची शिवण कुठेही उसवलेली नाही.

दुसरी गोष्ट मला या वेळीच दिसली. पूर्वी मी हा सिनेमा केव्हिनच्या बाजूने पाहायचे. आता माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. आई पॅरिसहून मिळेल ते तिकीट घेते, एका वयस्क जोडप्याला दागिने देऊन जागा मिळवते, डॅलसला उतरते, तिथून स्क्रँटन, आणि शेवटी पोल्का वाजवणाऱ्या एका वाद्यवृंदाच्या गाडीत कोंबून रात्रभर प्रवास करते. त्यांचा म्होरक्या झालाय विनोदी नट जॉन कँडी. तिला धीर द्यायला तो सांगतो की मीही एकदा माझ्या पोराला अंत्यसंस्काराच्या जागी प्रेताजवळ दिवसभर विसरलो होतो. ती घरी पोचते, पोराला मिठी मारते आणि काही मिनिटांत बाकीचं सगळं कुटुंब सकाळच्या विमानाने आरामात येऊन दाखल होतं. म्हणजे तिच्या सगळ्या वणवणीने वेळ वाचला तो एवढासाच. पटकथाकाराने तिला सहज पाच-सहा तास आधी पोचवता आलं असतं. त्याने ते केलं नाही. त्या प्रवासाचा उपयोग वेळ वाचवण्यासाठी नव्हताच. हे मी वहीत लिहिलं नाही, कारण रकाना नव्हता.

तिसरं म्हणजे शेजारचा म्हातारा मार्ली. पोरांनी त्याला खुनी ठरवलेलं. चर्चमध्ये तो केव्हिनच्या शेजारी येऊन बसतो आणि कळतं की मुलाशी अबोला आहे, आपल्या नातीचं गाणं ऐकायला तो तालमीला येतो, कारण रात्रीच्या कार्यक्रमाला मुलाच्या समोर यायची सोय नाही. सबंध सिनेमातला सर्वांत शांत प्रसंग. मागे मुलांचं समूहगान, जॉन विल्यम्स यांचं संगीत. त्या संगीताला आणि सिनेमातल्या एका गाण्याला ऑस्करची नामांकनं मिळाली होती. आठ वर्षांचं पोर म्हाताऱ्याला सांगतं की फोन करून बघा. हा प्रसंग पोरखेळाच्या सिनेमात शोभतो कसा, यावर आम्ही दहा मिनिटं बोललो. माझ्या मते याच्याचमुळे पुढचे सापळे सहन होतात.

आता दुसरी बाजू. सापळ्यांच्या भागात दुसरा रकाना भरत गेला. इस्त्री तोंडावर, पेटती ज्योत टाळूवर, अनवाणी तळव्यात खिळा. खिळ्यापाशी नर्स मैत्रीण "टिटॅनस" एवढंच म्हणाली. तेव्हा संगणकाची करामत नव्हती, आपटणारी माणसं खरोखर आपटत होती, आणि ते दिसतं. एका चोराचं काम करणाऱ्या डॅनियल स्टर्नच्या तोंडावर ठेवलेला कोळीही खराच. पण सापळे एकामागून एक नुसते मोठे होत जातात. पहिल्या भागातली हुशारी तिथे नाही. घरातला फ्रँक काका पुतण्याला सर्वांदेखत टाकून बोलतो आणि त्याला कुणी काही म्हणत नाही, शेवटपर्यंत. बाप सबंध सिनेमात जणू पाहुणा आहे. आणि असलं घर, पंधरा जणांची पॅरिसची तिकिटं, हे सगळं 'साध्या कुटुंबाची गोष्ट' म्हणून खपवलं आहे. ठाण्यात ते खटकलं नव्हतं, कारण तिथून सगळी अमेरिकाच श्रीमंत दिसायची. इथे राहून ते खटकतं.

एक गंमत जाता जाता. केव्हिन चोरांना घाबरवायला जो जुना कृष्णधवल गुंडपट लावतो, तो जुना नाहीच. याच सिनेमासाठी तेवढा तुकडा बनवला होता. ठाणेकरांनी पंचवीस वर्षं तो खरा सिनेमा समजून शोधला होता. त्या रात्री त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

माझं मत तिथे ठरलं: सिनेमा लोकप्रियतेला पात्र आहे, पण लोक ज्यासाठी त्याला डोक्यावर घेतात त्यासाठी नव्हे. सापळे ही त्याची सर्वांत कच्ची बाजू. हे मत मी पुढे आठवडाभर मिरवलं.

कोणते पर्याय होते

सिनेमा बदलावा, हा पहिला. आजी-आजोबांसाठी एखादा मराठी बालचित्रपट लावला असता. पण गटातल्या निम्म्या मुलांना मराठी समजतं तेवढं बोलता येत नाही, आणि दोन तास समजेलच याची खात्री नाही.

जसा आहे तसा लावावा, हा दुसरा. सोपा. मग नर्स मैत्रिणीचा मुद्दा कचऱ्यात, केव्हिनच्या तिकिटासारखा.

सापळ्यांच्या आधी बंद करावा, हे माझंच सुचवणं. अकरावीतला म्हणाला, "म्हणजे वर्ल्डकपची फायनल पन्नासाव्या षटकाआधी बंद." विषय संपला.

शेवटी चौथा पर्याय ठरला. सिनेमा लावायचा; केव्हिन सापळ्यांचा नकाशा काढतो तिथे मध्यंतर घ्यायचं; सहा वर्षांखालच्या मुलांना शेजारच्या खोलीत चिकटकामाला बसवायचं, अर्थात आईबापांची इच्छा असेल तर; आणि आजी-आजोबांना आधी मराठीत गोष्ट सांगायची. नर्स मैत्रिणीने आणखी एक सुचवलं: मध्यंतरात मला पाच मिनिटं द्या, यातली कोणती दुखापत प्रत्यक्षात किती गंभीर असते ते मी मुलांना गमतीगमतीत सांगते. ते मान्य झालं.

परवान्याचा एक कोपराही सांभाळावा लागला. अमेरिकेत घराबाहेर, घरच्या गोतावळ्यापलीकडच्या लोकांना सिनेमा दाखवायचा तर तिकीट नसलं तरी सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना लागतो. तो ग्रंथालयाकडे होता, पण त्यांच्या स्वतःच्या कार्यक्रमांपुरता. आतापर्यंत आम्ही हे विचारलंच नव्हतं. तिथल्या बाईंनी हसत हसत तो कार्यक्रम ग्रंथालयाचा म्हणून लावला. अट एकच, दार सगळ्यांना उघडं.

काय झालं

पन्नासच्या आसपास माणसं आली, त्यांत आठ-दहा अमराठी शेजारी.

गोष्ट सांगायचं काम अकरावीतल्या मुलावर टाकलं होतं, त्याच्या आगाऊपणाची शिक्षा म्हणून. तो पाच आजी-आजोबांसमोर उभा राहिला आणि आपल्या मोडक्या मराठीत सुरू झाला, "एक फॅमिली असते, त्यांच्याकडे खूप पोरं असतात." साताऱ्याकडच्या एका आजोबांनी विचारलं, "एकत्र कुटुंब का?" तो म्हणाला, "फक्त सुट्टीपुरतं." पुढे त्याने डोकी मोजण्याचा घोळ सांगितला, तिथे आजोबा मोठ्याने हसले. त्यांनी सांगितलेली गोष्ट मी घरी येऊन लिहून ठेवली. लहानपणी त्यांचं सगळं कुटुंब पालीच्या खंडोबाच्या यात्रेला निघालं होतं. एसटीत चढताना चुलत्यांनी पोरं मोजली, आकडा बरोबर भरला. पुढच्या थांब्यावर लक्षात आलं की शेजाऱ्यांचा एक पोरगा जास्त आहे आणि आपला धाकटा स्टँडवरच राहिला आहे. "तो रडत नव्हता. शेंगदाणे खात बसला होता."

ईबर्टना जे अशक्य वाटलं होतं ते आजोबांच्या घरी घडून गेलं होतं. मी त्या कथानकाला आठवडाभर 'चतुर' म्हणत होते, जणू ते कुणीतरी टेबलावर बसून रचलेलं कोडं आहे. पंधरा माणसांच्या घरात वाढलेल्या माणसाला त्यात चतुराई दिसलीच नाही.

दुसरा धक्का सापळ्यांनी दिला. पहिला तास आजी-आजोबांना जड गेला. घरातली सगळी एकदम बोलतात, भरभर बोलतात, आणि खालच्या इंग्रजी अक्षरांचा उपयोग नाही. माझ्या लाडक्या पहिल्या भागात दोन आज्या पेंगल्या. चोर बर्फाळ पायऱ्यांवरून घसरले आणि त्या खडबडून जाग्या झाल्या. पुढची वीस मिनिटं मागच्या रांगेतून जे हसू आलं ते आमच्या सहा वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. एक आजी पदर तोंडावर धरून म्हणाल्या, "तमाशातला सोंगाड्या असाच मार खातो की!" सापळ्यांना भाषा लागत नाही. पोलंडमध्ये हा सिनेमा दर नाताळात टीव्हीवर लागतो, आणि 2010 मध्ये वाहिनीने तो वगळायचं म्हटलं तेव्हा लोकांनी असा गिल्ला केला की तो परत घ्यावा लागला. हे मला आधीपासून माहीत होतं. ते तसं का, हे त्या दुपारी मागची रांग ऐकताना कळलं. ज्याला मी कच्ची बाजू म्हणत होते, तीच त्याला इतक्या घरांत घेऊन गेली होती.

चर्चच्या प्रसंगात मात्र हॉल शांत होता. आजोबांनी शेजारी बसलेल्या मुलाला हळूच विचारलं, "त्याचा पोरगा का बोलत नाही?" अकरावीतला म्हणाला, "भांडण झालं होतं. का ते सांगत नाहीत." आजोबा म्हणाले, "सांगायची गरज नाही." त्यापुढे ते काही बोलले नाहीत, आणि कुणी विचारलंही नाही.

फसलं ते मध्यंतर. ज्या क्षणी सिनेमाचा वेग वाढतो त्याच क्षणी आम्ही दिवे लावले. पंधरा मिनिटांची पंचवीस झाली, समोसे गार झाले, आणि पाच वाजता हॉल रिकामा करायचा म्हणून मी घाईघाईत नर्स मैत्रिणीची पाच मिनिटं कापली. तिला खुणेनेच 'नंतर' म्हटलं. शेजारच्या खोलीत चिकटकाम करणारी पोरं हशा ऐकून एकेक करत दाराशी आली. सापळे संपेपर्यंत त्यातली बहुतेक आत होती. एक चार वर्षांची मात्र तळघरातल्या भट्टीच्या प्रसंगालाच, म्हणजे मध्यंतराच्या खूप आधी, रडून बाहेर गेली होती. घाबरवणारं दृश्य कुठे आहे, हे आम्ही चुकीचं ओळखलं होतं. लहान मुलांना चोर पडताना भीती वाटत नाही. अंधारात धगधगणारी भट्टी त्यांच्याशी बोलू लागते तेव्हा वाटते.

चार दिवसांनी गटावर एक फोटो आला. जिन्याच्या कठड्याला दोरीने बांधलेला स्टीलचा डबा, आत तीन किलो बासमती. खाली बाबा ऑफिसहून येण्याची वाट बघत बसलेला सात वर्षांचा कलाकार. डबा वेळेवर उतरवला गेला, कुणाला काही झालं नाही. घर नर्स मैत्रिणीचं होतं. फोटोखाली तिने फक्त "पाच मिनिटं" एवढंच लिहिलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

तिची पाच मिनिटं कापायला नको होती. सगळ्यात वरचं हेच. आमच्या सगळ्या बोलाचालीत एकच माणूस असा होता की ज्याचा आक्षेप त्याच्या रोजच्या कामातून आला होता, आणि त्यालाच आम्ही वेळ संपला म्हणून गप्प बसवलं. समोसे नंतर खाता आले असते. मुलांशी ते बोलणं सिनेमाआधी किंवा नंतर ठेवलं असतं तर मध्यंतराची गरजच उरली नसती.

लहान मुलांच्या आईबापांना 'हिंसा आहे' असं मोघम सांगण्याऐवजी कोणती दृश्यं कधी येतात ते सांगायला हवं होतं: भट्टी, खुनी म्हाताऱ्याची अफवा, पेटती ज्योत. मग ठरवतील ते.

बेसमेंटमधल्या पाहणीला एक तरी आजी किंवा आजोबा असायला हवे होते. आम्ही पाचही जण असे होतो की ज्यांना सिनेमा किंवा इंग्रजी, दोन्हींपैकी काहीतरी पाठ होतं. वहीचे दोन रकाने 'आत्ता' आणि 'सवयीने' असे होते. 'पहिल्यांदा' हा रकानाच नव्हता, कारण पहिल्यांदा पाहणारं कुणी खोलीत नव्हतं.

पहिल्या भागाचं भाषांतर हा प्रश्न अजून सुटलेला नाही. अकरावीतला आता कॉलेजला गेला. त्याच्या जागी कुणीतरी कानात सांगायला हवं, पण पाच जणांच्या कानात एकाच वेळी कसं सांगणार?

आणि माझ्या मताचं काय झालं, असं ठाणेकर अधूनमधून विचारतात. अजूनही मला पहिला तास जास्त आवडतो. अजूनही फ्रँक काकाला कुणीतरी झापायला हवं होतं असं वाटतं. पण सापळ्यांना कच्चं म्हणायच्या आधी आता मला तो पदर तोंडावर धरलेला हात आठवतो.

पुढच्या डिसेंबरसाठी हॉल ऑगस्टमध्येच राखून ठेवावा लागतो. अर्जात 'कार्यक्रमाचं नाव' असा एक रकाना आहे. नर्स मैत्रिणीने यादी पाठवली होती, ठाणेकरांनी एकच नाव तीनदा पाठवलं होतं, आणि साताऱ्याहून निरोप होता की पुन्हा आलो तर तोच लावा, या वेळी भावालाही घेऊन येतो. मी रकान्यात नुसतं 'सिनेमा' लिहिलं आणि अर्ज देऊन आले.